डॉक्टरचा साहेब होतो तेव्हा

ठाणे जिल्ह्यात सरकारी आरोग्याचा कारभार कोण पाहतं, याचं एका दमात उत्तर देता येत नाही. शहापूर-मुरबाडची प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं सिव्हिल सर्जनकडे, शिवाय सहा महापालिकांचे सहा स्वतंत्र आरोग्य विभाग. कसाऱ्याहून पुढे पाठवलेली अडलेली बाळंतीण कळव्याच्या पालिका रुग्णालयात पोचेपर्यंत या तिन्ही हद्दी ओलांडते. या खुर्च्यांवर बसलेले बहुतेक जण एमबीबीएस करून आलेले. नाडी पाहायला शिकलेल्या माणसाला निविदा, रजेचे अर्ज आणि युनियनची बैठक कुणी शिकवली?

बराच काळ कुणीच नाही. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, डॉक्टरला तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक शिकवा असंही सुचवलं. पण केंद्र चालवायचं कसं, हा विषय मागेच राहिला. १९६४ मध्ये दिल्लीत आरोग्य प्रशासनाची राष्ट्रीय संस्था निघाली; १९७७ मध्ये ती कुटुंब नियोजनाच्या संस्थेत विलीन होऊन आजची राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था झाली. पुढे जिल्हा पातळीवरच्या डॉक्टरांसाठी तिथे दहा आठवड्यांचा व्यवस्थापनाचा कोर्स आला. कोर्स चांगलाच होता. मात्र साहेब परतले की टेबलावर तुंबलेल्या फायली, आणि कोर्सचं फोल्डर थेट कपाटात.

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि जिल्ह्यात डीपीएम (जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक), लेखापाल अशी कंत्राटी माणसं आली. व्यवस्थापन शिकलेला माणूस आला खरा, पण सहीचा अधिकार डॉक्टरकडेच राहिला. पुढच्याच वर्षी राज्यात बदल्यांचा कायदाही लागू झाला. अधिकाऱ्याचा एका जागेवरचा साधारण कार्यकाळ तीन वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात जातं, शेवटचं बदलीच्या चर्चेत. मोठा बदल हाती घेणार कधी?

त्याच सुमारास देशाबाहेर वेगळा प्रयोग चालू होता. २००२ मध्ये इजिप्तच्या अस्वान भागात आरोग्य केंद्रांच्या टीमना एक उद्दिष्ट स्वतःच ठरवायला लावलं आणि काम चालू असताना शेजारी बसून मार्गदर्शन केलं. बाहेरचा निधी थांबल्यावरही तिथल्या डॉक्टरांनी ते पुढे नेलं. वर्गातून उठवून कामाच्या जागी आणलेलं हे शिक्षण म्हणजेच कोचिंग.

आपल्याकडे हा शब्द सरकारी कागदावर ठळक झाला तो डिसेंबर २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात. प्रसूतिगृह सुधारण्यासाठी रुग्णालयात क्वालिटी सर्कल, म्हणजे तिथल्याच कर्मचाऱ्यांचा सुधारणा गट, आणि वर जिल्ह्याची कोचिंग टीम. काम छोट्या टप्प्यांत. एका टप्प्यात फक्त पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवायचा तक्ता: तो बाळंतपण चालू असताना भरला जातो की संपल्यावर आठवून? कोचने हे विचारायचं आणि सिस्टरबरोबर उभं राहून पाहायचं. शेरा मारून निघून जायचं नाही.

ठाण्यात हे अवघड जातं, त्यामागे जुनी कारणं आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला; आठ तालुके तिकडे गेले, सात इथे उरले, आणि बसलेली घडी पुन्हा घालावी लागली. नवी मुंबई महापालिका १९९२ ची, सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या नोड्सवर, म्हणजे आखीव वसाहतींवर उभी. तिचा आरोग्य विभाग आयुक्तांना उत्तरदायी, जिल्ह्याला नाही. कळव्याच्या पालिका रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल नव्या इमारतीसाठी हलवलेलं होतं आणि तिकडचा भार कळव्यावर आला होता. एका संस्थेचा बदल, ताण दुसरीवर.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन केडरची, म्हणजे या कामासाठीच्या वेगळ्या अधिकारी-वर्गाची, मार्गदर्शिका काढली. पदांची शिडी तिच्यात आहे. पण जिल्ह्याची कोचिंग टीम पालिकेच्या रुग्णालयात येणार म्हटलं की तिला आजही तपासणी पथकच समजतात, आणि रजिस्टरं आदल्या रात्री भरली जातात.