सेल नवा, कॅमेरा मुका

वडोदऱ्याच्या शुक्रवारी बाजारात जुन्या चार्जर-रिमोटच्या ढिगात खिशात मावणारे रोलचे कॅमेरे अजूनही हाती लागतात. घरी आणून नवा सेल घालावा, तर पुष्कळदा काहीच हलत नाही. भिंग स्वच्छ असतं, मागचं दार घट्ट बसतं, चाकांचे दातेही शाबूत असतात. रोग विजेचा असतो. तो का जडला हे कळायला कॅमेऱ्यात वीज शिरली कशी, तिथपासून बघावं लागतं.

या शहराचं कॅमेऱ्याशी नातं विजेच्याही आधीचं आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, इथं कलाभवन सुरू झालं आणि दादासाहेब फाळक्यांनी तिथं छायाचित्रणाचे धडे गिरवले. पुढे आग्फाचा क्लिक थ्री हा कॅमेरा इथल्याच न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनू लागला. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या कितीतरी मुंजी-बारशांचे चौकोनी फोटो त्या काळ्या डब्यातून निघाले. त्याला सेलच नव्हता. स्प्रिंग, पत्र्याची चकती, भिंग, बस्स. अडला तर घड्याळ दुरुस्त करणाराही उघडून बघू शकायचा.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात वीज आधी आली ती उजेड मोजायला. त्यासाठी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल असे. पाऱ्यावर बंदी आल्यावर लोकांनी १.५ व्होल्टचा घातला, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा मीटर आहे त्याहून जास्त उजेड समजू लागला. फोटो काळवंडतात ते त्यामुळे. १९७५ मध्ये कोनिकाने सी३५ ईएफमध्ये फ्लॅश पोटातच बसवला, १९७७ मध्ये सी३५ एएफ स्वतःच फोकस करू लागला. १९७९ च्या कॅननच्या एएफ३५एममध्ये इन्फ्रारेड फोकस आणि रोल गुंडाळायला मोटर. १९९१ च्या ऑलिंपस म्यूपर्यंत हाताने फिरवायचं असं जवळपास काही उरलंच नाही. सगळे निर्णय चिप घेऊ लागली.

या सोयीची किंमत दोन जागी मोजावी लागली.

पहिली जागा फ्लॅशची. तीन व्होल्टचा सेल एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सुमारे ३०० व्होल्ट साठवतो. बटण दाबल्यावर येणारी बारीक शिट्टी त्याचीच. सेल काढून ठेवला तरी हा विजेचा दाब बराच वेळ आत राहू शकतो. म्हणून झाकण उघडल्यावर पहिलं काम एकच: मल्टिमीटरने दाब बघायचा आणि रेझिस्टरमधून तो सावकाश उतरवायचा. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडणारे मी पाहिले आहेत. तसं अजिबात करू नये, बोट आणि बोर्ड दोन्ही जातात.

दुसरी जागा रिबनची. पूर्वीच्या तारांऐवजी प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर तांब्याच्या रेघा आल्या. कॅमेरा खिशात मावला तो याच पट्टीमुळे, आणि मरतोही तिच्यामुळेच. भिंग आत-बाहेर करताना पट्टी दर वेळी त्याच ठिकाणी वाकते, तांबं थकतं, केसाहून बारीक चीर पडते. भिंग आत असताना चिरेची टोकं चिकटलेली असतात. बाहेर आलं की सुटतात. त्यामुळे बिघाड कधी दिसतो, कधी लपतो, आणि दुरुस्त करणारा दिवसभर चकतो. लायका मिनिलक्सवर झळकणारा ‘ई०२’ हा इशारा याच दुखण्यासाठी ओळखला जातो. रिकोच्या जीआर१ मध्ये वरच्या पडद्यावरचे आकडेच पुसट होत जातात.

सुटे भाग मिळत होते तोवर हे चाललं. क्योसेराने २००५ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदा सोडला, २००६ मध्ये कोनिका मिनोल्टा बाहेर पडली, त्याच वर्षी निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेरे थांबवले. चिप बाजारात सुटी कधी मिळतच नव्हती. ती त्या त्या कॅमेऱ्यासाठीच घडवलेली. ती जळली की एकच वाट उरते, तसाच दुसरा बंद कॅमेरा शोधून त्यातली काढायची. मला याचं फार वाईट वाटतं, कारण भिंगं तर पुढची कितीतरी वर्षं चालतील अशी आहेत.

रावपुऱ्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला शिकवलं, “आधी सेलचा डबा बघ, मग बोर्डाकडे जा.” आत्याने अमेरिकेहून आणलेला आमचा कॅमेरा पंधरा वर्षं कपाटात होता, आत सेल तसाच. सेल गळून डब्यातल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर बसला होता. व्हिनेगरच्या काडीने तो उतरवला, मग अल्कोहोलने पुसलं. जीव आला, पण भिंग पुढे येताच पुन्हा अंधार. रिबनवरचं आवरण चिरेच्या दोन्ही बाजूंना खरवडलं आणि लाखेचं आवरण असलेल्या तारेचा एक तुकडा वळणाला ढील ठेवून सोल्डर केला. पहिल्यांदा फ्लॅश तयार असल्याचा दिवा लागायला मिनिटभर लागलं. बरीच वर्षं रिकामा राहिलेला कपॅसिटर हळूहळूच सावरतो. पाचव्या खेपेला दहा सेकंदांत लागला. आत्याचा पहिला फोटो आम्ही सुरसागरच्या काठावर काढला.