कीचक, विदुर, नाना : सत्तेवर बोलण्याची आडवाट

मराठी लेखकाला सत्तेवर बोलायचे असले की तो विराटनगरीत नाही तर पेशवाईत का शिरतो, हे समजून घ्यायचे तर आधी कलकत्त्याला जावे लागते. १८७५-७६ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा युवराज तिथे आला होता. एका बंगाली सरकारी वकिलाने त्याला थेट आपल्या घरच्या जनानखान्यात नेऊन ओवाळले. तिथल्या ग्रेट नॅशनल थिएटरने त्यावर फार्स केला, लोक पोट धरून हसले आणि व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने वटहुकूम काढला. १८७६ च्या अखेरीस त्याचा नाट्यप्रयोग कायदा झाला. राजद्रोही, बदनामीकारक किंवा अश्लील वाटणारा प्रयोग सरकार आता थांबवू शकत होते. पुस्तकेही जप्त होतच, पण पुस्तक माणूस एकटा वाचतो. शेकडो माणसे एका छताखाली, एकाच वाक्याला टाळी देतात, हे सरकारला जास्त बोचत होते. आणि सरकारचे काही चुकत नव्हते.

याचा पुरावा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी दिला. टिळकांच्या ‘केसरी’त काम करणाऱ्या या लेखकाचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, नाटकात एकही इंग्रज नाही. तरी प्रेक्षकाने काय ते ओळखले : कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, संयम सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. निम्मे नाटक लेखकाने लिहिले, उरलेले पिटातल्या माणसाने. म्हणूनच संहितेवर बोट ठेवणे सरकारला अवघड गेले. पुढे १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. ‘शारदा’चा राजकारणाशी काही संबंध नव्हता, पण सरकार आता नाटकगृहाकडेच संशयाने पाहू लागले. १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल याने हिंदी असंतोषावरच्या आपल्या पुस्तकात या नाटकाची सविस्तर दखल घेतली. खाडिलकरांना याहून मोठी समीक्षा कोणती मिळणार होती?

सिनेमा आला तसा त्याच्यासाठी वेगळा कायदा १९१८ साली झाला, आणि दोनच वर्षांत सेन्सॉर मंडळेही आली. १९२१ च्या ‘भक्त विदुर’ या मूकपटातला विदुर खादीत, टोपी घालून, हुबेहूब गांधीजींसारखा दिसत होता. मद्रास आणि कराचीत तो अडवला गेला. पडद्यावर कुणी बोलत नव्हते, नुसती टोपी पुरली. १९३५ साली प्रभातने संत एकनाथांवर बालगंधर्वांना घेऊन चित्रपट काढला, नाव ठेवले ‘महात्मा’. सेन्सॉरने नावच बदलायला लावले आणि तो ‘धर्मात्मा’ झाला. गोष्ट सोळाव्या शतकातली, धास्ती मात्र साबरमतीची.

स्वातंत्र्यानंतर यात बदल होईल असे वाटण्यासारखे होते. झाला नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी तपासणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाची पूर्वतपासणी वैध ठरवली. चित्रपट इतर कलांपेक्षा मनाला खोलवर हलवतो, हे त्यामागचे एक कारण होते. युक्तिवाद घटनेचा, भीती तीच जुनी.

तरी या इतिहासातला खरा वळसा मला ‘घाशीराम कोतवाल’मध्ये दिसतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. तेंडुलकरांनीही आडवाट धरली ती पेशवाईची, पण त्यांच्या नानामागे परका राज्यकर्ता नव्हता. आपल्या सोयीसाठी एक घाशीराम उभा करायचा आणि काम झाले की त्याला जमावाच्या हाती द्यायचे, ही घरचीच रीत होती. सरकारने नव्हे, समाजाने हरकत घेतली : नाना फडणवीसांची, ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून. संस्थेने प्रयोग थांबवले. नटमंडळी बाहेर पडली, थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे राहिले. १९८० साली युरोप दौरा ठरला तेव्हा विरोध परत उसळला. परकीय सत्तेविरुद्ध पुराणाचा आडोसा चालला, आपल्याच लोकांविरुद्ध इतिहासाचा आडोसा चालत नाही. उलट पूर्वजांचे नाव घेतले की वाद वाढतो.

आणीबाणीने सरकारी जाच पुन्हा दाखवला. अमृत नाहटांच्या ‘किस्सा कुर्सी का’ची मूळ निगेटिव्हच जाळली गेली. त्यावर खटला चालला, १९७९ साली शिक्षा झाली आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

त्याच दशकात मराठी सिनेमाने मात्र पोशाख उतरवला. ‘सामना’त साखरसम्राट हिंदूराव धोंडे-पाटील धोतरात, आजच्या गावात उभा आहे. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर मुख्यमंत्र्यांची खुर्चीच विषय. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकरांची. म्हणजे ‘घाशीराम’चीच माणसे.

१८७६ चा कायदा केंद्राने २०१८ साली रद्द केला. महाराष्ट्रातली संहितेची पूर्वतपासणी हा वेगळा मामला, तिला १९५१ च्या पोलीस कायद्याचा आधार आहे. अमोल पालेकर २०१६ साली तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते.