न्हावा-शेवा बंदर (जेएनपीटी)

रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात, मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावरचं कंटेनर बंदर. कागदोपत्री नाव जवाहरलाल नेहरू बंदर, 2022 पासून ट्रस्टची ऑथॉरिटी झाल्यामुळे जेएनपीए, पण उरण-पनवेलकडे अजून सगळे जेएनपीटीच म्हणतात. पायाभूत सुविधांवर सरकारने पैसा ओतला की देशाची आर्थिक वाढ होते असं आपण सारखं ऐकतो, ते कधी खरं ठरतं आणि कधी नुसतं बांधकाम उरतं हे या बंदराकडे बघून बऱ्यापैकी कळतं.

बंदर 1989 मध्ये सुरू झालं. मुंबईची गोदी भर शहरात, ट्रक बाहेर काढायचीच मारामार, म्हणून खाडीपलीकडे नवीन धक्के बांधले. पण सुरुवातीची काही वर्षं बंदराच्या मानाने माल फारसा नव्हताच. 1991 नंतर आयात-निर्यात मोकळी झाली तेव्हा कुठे त्याला काम मिळालं, म्हणजे खर्च आधी झाला आणि फळ धोरण बदलल्यावर आलं, हे सहसा कोणी सांगत नाही. मग 1997 मध्ये देशातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल बांधायचा करार झाला, जागा बंदराची, क्रेन आणि यार्ड कंपनीचं, 30 वर्षांनी सगळं परत. ते 1999 मध्ये चालू झालं आणि शेजारच्या सरकारी टर्मिनललाही हातपाय हलवावे लागले. 2024-25 मध्ये वीस फुटी कंटेनरच्या हिशोबाने 70 लाखांच्या वर कंटेनरची ये-जा झाली.

पैसा वाचतो तो मुख्यतः वेळेत. नाशिकची निर्यातीची द्राक्षं घ्या, पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंग करून रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये भरतात, तिथून जहाजाच्या कट-ऑफच्या, म्हणजे माल घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या आत बंदराचं गेट गाठायचं. ट्रेलर रांगेत अडकला आणि जहाज गेलं की पुढच्या जहाजाची वाट बघा, तोवर रीफर विजेच्या प्लगवर, भाडं चालू, आणि युरोपातल्या दुकानात माल उशिरा म्हणून भाव पडलेला. आयातीतही तेच, आधी कंटेनर बंदरातून सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात जायचा, तिथे पडून राहायचा, मग कारखान्यात. 2016 च्या सुमारास थेट बंदरातून डिलिव्हरी वाढवायला लागले आणि मधला एक मुक्काम कमी झाला. यात नवीन सिमेंट जवळपास नाहीच, कस्टम्सची पद्धत बदलली एवढंच.

दुसरं, फायदा फक्त इथला नाही. लुधियाना, दिल्लीचं तुघलकाबाद, सगळीकडून कंटेनर रेल्वेने इथे येतात. त्यांच्यासाठीच दादरीपासून जेएनपीटीपर्यंत सुमारे 1,500 किमीची मालगाड्यांची वेगळी लाईन, विजेच्या तारेखालून डबलस्टॅक, म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन कंटेनर जातील अशी. गुजरातकडचा भाग आधी चालू झाला, वैतरणा ते जेएनपीटी हा शेवटचा तुकडा मात्र जमिनीपायी वर्षानुवर्षं रखडला, त्यामुळे गुजरातच्या मुंद्रा आणि पिपावाव बंदरांना त्याचा फायदा आधी मिळाला. बंदराला टोकाचा रस्ता किंवा रूळ नसेल तर धक्का कितीही मोठा असो, अर्धाच वापरात येतो.

किंमत कोणी दिली तेही नोंदवायला हवं. जानेवारी 1984 मध्ये नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध उरणजवळच्या जासई परिसरात स्थानिक शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत द्यायची योजना आली. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचं पुनर्वसन हनुमान कोळीवाड्यात केलं, ती घरं वाळवीने पोखरली आणि दुसऱ्या जागेची मागणी चालूच राहिली. मासेमारीची जागा गेली ती वेगळी. जीडीपीच्या आकड्यात कंटेनर मोजला जातो, हे नाही.

आता पुढचं बंदर डहाणूजवळ वाढवणला होतंय, 76,000 कोटींच्या वर खर्च, 74 टक्के जेएनपीए आणि 26 टक्के महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड, पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. कारण खोली: न्हावा-शेव्याला चॅनलमधला, म्हणजे जहाजांच्या वाटेतला गाळ सतत काढावा लागतो, वाढवणला किनाऱ्याजवळच साधारण 20 मीटर पाणी आहे म्हणून सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं लागू शकतील. तिथल्या मच्छीमारांचा विरोध प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून आहे, आणि उरणला काय झालं हे त्यांना चांगलं माहीत आहे.