केवे जिल्हा, पेरू

दक्षिण पेरूच्या कुस्को विभागातील कानास प्रांताचा एक जिल्हा. कानासमध्ये असे आठ जिल्हे असून प्रांताचे मुख्यालय यानाओका येथे आहे. मूळ स्पॅनिश शब्द ‘दिस्त्रितो’. भाषांतरात आपण त्याला जिल्हा म्हणतो, पण पसारा पाहता तो महाराष्ट्रातल्या तालुक्याहूनही लहान. विभाग, प्रांत, जिल्हा या उतरंडीतली ही शेवटची पायरी, आणि तिचा सरकारी संकेतांकही तसाच वाचायचा: ०८०५०७, म्हणजे ०८ कुस्को, ०५ कानास, ०७ केवे.

अपुरिमाक नदीने इथे खोल घळ कोरली आहे. हे पाणी पुढे ॲमेझॉनला मिळते. नदीकाठच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंच आहे. ४,००० मीटरपर्यंतच्या पट्ट्याला ‘सुनी’ म्हणतात. तिथे बटाटा, बार्ली, किन्वा पिकतो. त्यावरच्या ‘पुना’ माळावर इचू गवत वाढते आणि लामा, अल्पाका, मेंढ्या चरतात. पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च. जून-जुलैच्या रात्री कडाक्याची थंडी पडते, पण लोक तिलाही कामाला लावतात: बटाटे रात्री उघड्यावर गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि वाळवायचे. असा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो.

जिल्ह्याचा कारभार नगरपालिका पाहते. महापौर (अल्काल्दे) व सदस्य चार वर्षांसाठी निवडून येतात. महापौराला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. जमीन, चराई आणि सामायिक श्रम हा मात्र कृषक समुदायांचा अधिकार. १९६९ च्या जमीन सुधारणेनंतर पेरूतल्या आदिवासी समुदायांना ‘कोमुनिदाद काम्पेसिना’ हे अधिकृत नाव मिळाले. त्यांची स्वतःची सभा असते, निवडलेला अध्यक्ष असतो. ‘आयनी’ म्हणजे थेट आपली सावड: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या.

केवेची खरी घडण कळते ती केस्वाचाका पुलावर. अपुरिमाकवरचा हा सुमारे २८ मीटर लांबीचा गवती झुलता पूल विंचिरी, चौपिबांदा, चोकाय्वा आणि कोल्याना केवे हे चार समुदाय दर जूनमध्ये नव्याने विणतात. शेजारी वाहनांसाठी लोखंडी पूल आहे, तरीही. ‘कोया’ गवत भिजवून, दगडाने ठेचून मऊ करतात आणि तळहातांवर वळतात. प्रत्येक कुटुंब दोन पेडांची सुमारे ७० मीटर दोरी आणते. त्या दोऱ्यांचे आधी मध्यम, मग मांडीएवढे जाड दोर होतात: चार पायाखाली, दोन कठड्याला. ‘पाको’ हा पुजारी पाचामामा (धरणीमाता) व डोंगरदेवांना नैवेद्य दाखवतो, जुना पूल कापून नदीत सोडतात आणि ‘चाकारुवाक’, म्हणजे पूलकर्मी, दोन्ही काठांवरून विणत मध्याकडे सरकतात. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी उत्सव. २०१३ मध्ये युनेस्कोने हे ज्ञान व हा विधी मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

२०२० मध्ये महासाथीमुळे विणकाम झाले नाही. गवत एका वर्षापुरतेच असते. मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. त्याच जूनमध्ये चारही समुदायांनी घळीवर पुन्हा दोर ओढले.