कॅलिफोर्निया झेफर

शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागर यांदरम्यान २० मार्च १९४९ ते २२ मार्च १९७० या काळात दररोज दोन्ही दिशांनी धावलेली, काचेच्या घुमटांची अमेरिकी प्रवासी गाडी. शिकागोहून जाणारीचा क्रमांक १७, तिकडे येणारीचा १८. गाडी तीन कंपन्यांची मिळून होती. शिकागो ते डेन्व्हर (सुमारे १,६६० किमी) शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी, म्हणजेच बर्लिंग्टन. डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी (सुमारे ९२० किमी) डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न. आणि तिथून ओकलंडपर्यंत (सुमारे १,४९० किमी) वेस्टर्न पॅसिफिक. यांपैकी एकही कंपनी आज स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. अमेरिकेतील जुन्या गाड्यांविषयी ज्यांना जिव्हाळा आहे, त्यांच्या बोलण्यात हिचे नाव बहुधा सर्वांत आधी येते. त्याला कारण आहे : ही गाडी वेगासाठी नव्हे, खिडकीबाहेरचे दिसावे म्हणून आखलेली होती आणि डब्यांच्या रचनेपासून वेळापत्रकापर्यंत सगळे त्या एका हेतूने ठरले होते.

वेळापत्रक

युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक यांच्या मार्गाने जाणारी प्रतिस्पर्धी गाडी ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ हेच अंतर सुमारे ४० तासांत कापी. झेफरला सुमारे ५१ तास लागत. तिचा मार्ग अधिक वळणावळणाचा आणि डोंगराळ होता. वेगात आपण हरणार हे तिन्ही कंपन्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी त्या उणिवेचाच उपयोग करून घेतला. शिकागोहून गाडी दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटे. नेब्रास्काची सपाट मैदाने रात्रीत मागे पडत. सकाळी साडेआठच्या आसपास डेन्व्हर सोडले की पुढचा सगळा दिवस रॉकी पर्वतांचा. सॉल्ट लेक सिटी रात्री दहानंतर येई, म्हणजे मिठाची मैदाने आणि नेवाडाचे वाळवंट झोपेत सरे आणि तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर फेदर नदीची दरी सुरू होई. परतीची गाडीही अशीच बसवली होती : ओकलंडहून सकाळी सुटून दुपारी फेदर नदी, दुसऱ्या दिवशी उजेडात रॉकी पर्वत, तिसऱ्या दिवशी दुपारी शिकागो.

या आखणीची एक नाजूक बाजू होती. गाडीला चार-पाच तास उशीर झाला, तर प्रवासी पोचायला उशीर होई एवढेच नव्हे, तर ज्यासाठी त्याने तिकीट काढले तो भागच अंधारात जाई. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने ही सवलत आणखी कमी. त्यामुळे एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या मालगाड्यांना बाजूच्या रुळावर थांबवून झेफरला वाट द्यावी लागे. मालवाहतुकीवर पोट असलेल्या कंपन्यांना हे सोसणे पुढे जड गेले.

एक रेक (डब्यांचा पूर्ण संच) जाऊन-येऊन पुन्हा शिकागोहून निघायला सहा दिवस लागत, म्हणून रोजच्या सेवेसाठी सहा रेक लागले. पहिल्या ताफ्यातले ६६ डबे कंपन्यांनी मार्गाच्या लांबीच्या प्रमाणात वाटून घेतले : बर्लिंग्टनचे २७, रिओ ग्रँडचे १५, वेस्टर्न पॅसिफिकचे २४. डबे मात्र एकमेकांत मिसळून चालत. कोणता डबा कोणाचा, हे प्रवाशाला कळण्याचे काही कारण नव्हते. सगळ्यांची नावे ‘सिल्व्हर’ या शब्दाने सुरू होत. एंजिने मात्र डेन्व्हरला आणि सॉल्ट लेक सिटीला बदलत.

घुमट

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४ मध्ये, जनरल मोटर्सचे अधिकारी सायरस ऑसबॉर्न रिओ ग्रँडच्या मार्गावर डिझेल एंजिनात चालकाशेजारी बसून ग्लेनवूड दरीतून गेले. चालकाला समोरून, वरून आणि दोन्ही बाजूंनी जे दिसते, ते मागच्या प्रवाशाला कधीच दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या आराखड्यांवरून बर्लिंग्टनने १९४५ मध्ये ऑरोरा येथील आपल्या कारखान्यात ‘सिल्व्हर अल्केमी’ या साध्या डब्याच्या छतावर काचेचा घुमट बसवला आणि त्याचे नाव ‘सिल्व्हर डोम’ ठेवले. प्रयोग यशस्वी ठरला. झेफरच्या प्रत्येक रेकला असे पाच घुमट होते : तीन खुर्च्यांच्या डब्यांवर, एक ‘केबल कार रूम’ हे उपाहारदालन असलेल्या डब्यावर आणि एक अगदी शेवटच्या, गोलाकार पाठीच्या निरीक्षण-डब्यावर.

प्रत्येक घुमटात २४ आसने, म्हणजे गाडीत एकूण १२०. ही आसने विकली जात नसत. खालची आपली जागा कायम ठेवून कोणीही वर जाऊन बसावे, अशी पद्धत होती. घुमटाखाली डब्याची जमीन खाली घेतलेली असे आणि त्या जागेत स्वच्छतागृहे किंवा छोटी दालने बसवत. जाण्या-येण्याचा मार्ग एका कडेने, दोन-चार पायऱ्या उतरून जाई. वरच्या आसनांवरून गाडीच्या छताच्या वरून पुढचे एंजिन, सिग्नल आणि येणारे वळण दिसे.

बर्लिंग्टनने या डब्यांना ‘व्हिस्टा-डोम’ हे नाव दिले. भारतीय रेल्वेने २०१७ मध्ये मुंबई–मडगाव जनशताब्दीला आणि २०२१ पासून मुंबई–पुणे गाड्यांना जोडलेले व्हिस्टाडोम डबे याच नावाचे आहेत, परंतु त्यांची रचना निराळी आहे. आपल्याकडच्या ४४ आसनांच्या डब्यात छताला काचा असल्या तरी प्रवासी नेहमीच्याच पातळीवर बसतो. गाडीच्या माथ्यावरून पुढे पाहता येत नाही. उंच घुमट अमेरिकेतही सगळीकडे चालले नाहीत. न्यू यॉर्ककडच्या जुन्या बोगद्यांची उंची त्यांना पुरत नसे, त्यामुळे घुमट ही मुख्यतः शिकागोच्या पश्चिमेची गोष्ट राहिली.

डबे आणि धातू

डबे फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने बांधले. त्यांचे मर्म १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या स्टेनलेस स्टीलमध्ये आहे. हे स्टील नेहमीच्या पद्धतीने जोडले, तर जोडाच्या कडेचा भाग बराच वेळ तापलेला राहतो, त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर साचतो आणि नेमक्या तिथेच गंज शिरतो. बडने यावर ‘शॉटवेल्ड’ ही पद्धत काढली : अतिशय जोरदार विद्युतप्रवाह, पण क्षणाचा अंश इतकाच वेळ. उष्णता पसरायच्या आत जोड पूर्ण होतो आणि पत्र्याचा गुण टिकतो. बाजूंच्या आडव्या पन्हळी दिसायला सुंदर आहेतच, पण त्यांच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणाही येतो. याच तंत्राने घडलेली, बर्लिंग्टनची तीन डब्यांची पहिली ‘झेफर’ नावाची गाडी २६ मे १९३४ रोजी डेन्व्हरहून शिकागोला १,६३३ किमी अंतर १३ तास ५ मिनिटांत धावली होती; ती आज शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आहे.

मार्ग

डेन्व्हर (सुमारे १,६०० मीटर) सोडल्यावर गाडी दोन टक्क्यांच्या चढणीने, एकामागून एक बोगदे ओलांडत ८० किमीत सुमारे २,८०० मीटर उंचीवरच्या मॉफॅट बोगद्यापाशी येई. १९२८ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा बोगदा जवळपास १० किमी लांब आहे. त्यापलीकडे कोलोरॅडो नदी भेटे आणि गोर, ग्लेनवूड, रुबी या दऱ्यांतून उटाच्या सीमेपर्यंत तिचीच सोबत. उटामध्ये सोल्जर समिटचा घाट चढून गाडी सॉल्ट लेक सिटीला उतरे.

पश्चिमेचा टप्पा अभियंत्यांच्या दृष्टीने याहून देखणा. सदर्न पॅसिफिकची वाट सिएरा नेवाडा पर्वत सुमारे २,१०० मीटरवर डॉनर खिंडीत ओलांडते. वेस्टर्न पॅसिफिकने, १९०९ मध्ये मार्ग पुरा केला तेव्हा, सुमारे १,५०० मीटर उंचीची बेकवर्थ खिंड निवडली आणि फेदर नदीच्या काठाने चढण कुठेही एक टक्क्याच्या वर जाऊ दिली नाही. एवढा सौम्य उतार साधण्यासाठी विल्यम्स लूप येथे मार्ग स्वतःलाच वळसा घालून खालून जातो. ओरोव्हिल धरणासाठी या दरीच्या खालच्या भागातले रूळ १९६२ मध्ये हलवण्यात आले. झेफरने पहिली तेरा वर्षे वापरलेला तो तुकडा आज जलाशयाखाली आहे.

गाडीतील माणसे

‘झेफरेट’ म्हणजे पूर्ण प्रवासभर सोबत असणारी परिचारिका-यजमानीण. ध्वनिक्षेपकावरून येणाऱ्या स्थळांची माहिती देणे, डब्याडब्यांतून फिरून जेवणाच्या पाळ्या ठरवणे, प्रथमोपचार, लहान मुलांकडे पाहणे ही तिची कामे. प्रत्येक गाडीवर ती एकच. अन्नखोलीचे आचारी आणि वाढपी, डबे सांभाळणारे पोर्टर यांच्या कष्टांवर या गाडीचे नाव उभे होते. रिओ ग्रँडच्या टप्प्यात जेवणात मिळणारा ट्राउट मासा प्रवासी वर्षानुवर्षे आठवत राहिले.

अखेर

१९५० च्या दशकाअखेर जेट विमाने आणि महामार्ग आले. झेफर उन्हाळ्यात भरून धावे, तरीही खर्च भागेना. पूर्ण सेवेच्या गाडीला माणसे फार लागतात. वेस्टर्न पॅसिफिक ही तिघींत आर्थिक बळाने सर्वांत लहान. तिने १९६६ मध्ये गाडी बंद करण्याची परवानगी आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे मागितली. आयोगाने ती नाकारली. पुढच्याच वर्षी टपालखात्याने देशभर रेल्वेतील टपाल-वर्गीकरणाचे करार काढून घेतल्याने प्रवासी गाड्यांचा एक मोठा आधार गेला. १९७० मध्ये परवानगी मिळाली आणि मार्चमध्ये गाडी थांबली.

तिचा मधला तुकडा मात्र तेरा वर्षे जगला. रिओ ग्रँडने १९७१ मध्ये ॲमट्रॅक या देशव्यापी सरकारी प्रवासी रेल्वे महामंडळात सामील व्हायला नकार दिला, कारण आपल्या एकेरी डोंगरी मार्गावर त्याच्या गाड्या वाढल्या तर मालवाहतूक अडेल, अशी तिला भीती होती. ‘रिओ ग्रँड झेफर’ आठवड्यातून तीनदा डेन्व्हरहून निघे आणि दुसऱ्या दिवशी परते; बुधवारी तिची सुट्टी. जुने घुमट, जुनी अन्नखोली तशीच. एप्रिल १९८३ मध्ये उटातील थिसल येथे डोंगर सरकून मुख्य मार्ग तुटला आणि २४ एप्रिलला ती बंद झाली. त्याच वर्षी जुलैत ॲमट्रॅकने ‘कॅलिफोर्निया झेफर’ हे नाव पुन्हा सुरू केले. आजची गाडी मॉफॅट बोगद्यातून आणि ग्लेनवूडमधून जाते, पण नेवाडातून ती डॉनर खिंडीकडे वळते. फेदर नदीच्या दरीत नियमित प्रवासी गाडी नाही.

जतन आणि त्यातील अडचणी

बडचे पत्रे गंजत नाहीत, म्हणून हे डबे टिकले. पण खरेदी करणाऱ्याने चकाकत्या बाजूंवर जाऊ नये. दोन्ही टोकांखालची, कपलरचा (डबे जोडणाऱ्या कडीचा) धक्का झेलणारी चौकट साध्या मिश्रपोलादाची असते, आणि दारे, पायऱ्या, स्वच्छतागृहे यांचे पाणी नेमके तिथे मुरते. तपासणीत आधी तीच ठोकून पाहावी. दुसरे दुखणे घुमटाचे. काचा वक्र आणि दुहेरी असतात. कडेची रबरी पट्टी कडक झाली की पाणी आत उतरते, दोन काचांमधली बंद पोकळी फुटली की धुके धरते आणि बदली काच प्रत्येक वेळी मापाने घडवून घ्यावी लागते. ऊन थेट आत येत असल्याने घुमटाला साध्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त थंडावा लागतो; मूळ वातानुकूलन यंत्रणा थकली की वरची जागा उन्हाळ्यात वापरण्याजोगी उरत नाही.

मूळ डब्यांना उष्णता एंजिनातल्या बाष्पकातून नळीने येई. मागच्या टोकाची झडप किंचित उघडी ठेवत, जेणेकरून थंड होऊन साचलेले पाणी बाहेर पडावे. ती पूर्ण बंद राहिली, तर कडाक्याच्या थंडीत शेवटच्या डब्यांतली नळी गोठे. वीज चाकांच्या आसावरील जनित्र आणि बॅटऱ्यांतून मिळे, त्यामुळे गाडी फार वेळ उभी राहिली की दिवे मंद होत. आज ॲमट्रॅकच्या गाडीला जोडायचा डबा एंजिनाकडून येणाऱ्या ४८० व्होल्ट, तीन फेजच्या विजेवर चालावा लागतो. म्हणजे सगळे तारकाम नवे, तापवण्याची सोय नवी, शिवाय रुळांवर मोकळ्या होणाऱ्या जुन्या शौचकूपांच्या जागी साठवण टाक्या. धातू टिकवणे सोपे. खर्च इथे होतो.

बाहेरून धुताना लोखंडी काथ्या वापरू नये. त्याचे कण पन्हळीत अडकून गंजतात आणि स्टेनलेसच गंजल्यासारखे दिसते. क्लोराइड असलेली आम्ले पृष्ठभागाला बारीक खड्डे पाडतात. ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण, नायलॉनचा ब्रश आणि भरपूर पाणी हा रेल्वे कारखान्यांतला जुना, खात्रीचा उपाय आहे. घासायचे ते पन्हळीच्या दिशेने.

कॅलिफोर्नियातील पोर्टोला येथील वेस्टर्न पॅसिफिक रेल्वे संग्रहालयात ‘सिल्व्हर हॉस्टेल’ हा घुमटी उपाहार-डबा, ‘सिल्व्हर प्लेट’ ही अन्नखोली आणि झेफर ओढणारे ८०५-ए हे एंजिन आहे. घुमटाच्या कल्पनेचे स्मारक १९५० मध्ये ग्लेनवूड दरीत उभारले होते. ते आता गोल्डन येथील कोलोरॅडो रेल्वे संग्रहालयात असून, रिओ ग्रँड झेफरचे ५७७१ हे एंजिनही तिथेच आहे. अशा डब्यांतून दूरवर प्रवास करायचा, तर कॅनडाला जावे. कॅनेडियन पॅसिफिकने बडकडून घेतलेले १७३ स्टेनलेस डबे घेऊन ‘द कॅनेडियन’ २४ एप्रिल १९५५ रोजी सुरू झाली. त्यांतले डबे, शेपटीचा घुमटी निरीक्षण-डबा धरून, व्हिया रेल ही कॅनडाची सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी टोरांटो ते व्हँकुव्हर या ४,४६६ किमीच्या मार्गावर आजही चालवते.