खोक्यावर दोनशे अँपिअर, हातात सहा मिलिमीटरची पट्टी

ऑफ-रोड गाडीचं काम घरीच करायचं ठरलं, की पहिला मोठा खर्च वेल्डिंग मशीनचा. बंपर, विंचची प्लेट, रॉक स्लायडर, शॉकअपचे ब्रॅकेट, सगळं त्याच्यावर अडून असतं. बजेट बेताचं असलं की नजर खोक्यावरच्या ठळक आकड्याकडे जाते: १६०, २००, कधी २५० अँपिअर. मला वाटतं, निवडीची सुरुवात तिथून करूच नये. आधी कॅलिपर घेऊन जोडायच्या पोलादाची जाडी मोजावी.

वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकड्यांच्या कडा स्वतः वितळून एकजीव व्हाव्या लागतात. साधं पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि आर्कचं, म्हणजे रॉड किंवा तार आणि पोलाद यांच्यामधल्या विजेच्या झोताचं, तापमान त्याच्या तिपटीच्याही पुढे असतं. त्यामुळे स्वस्तातलं मशीनही पोलाद वितळवतंच. खरी अडचण उष्णतेच्या पुरवठ्याची असते. बॉडीचा एक मिलिमीटरचा पत्रा उष्णता लांब नेऊ शकत नाही, म्हणून क्षणात भोक पडतं. सहा मिलिमीटरची प्लेट मात्र आर्कखालची उष्णता चहूकडे ओढून नेते. ती जितकी ओढते त्याहून जास्त वेगाने आपण पुरवली, तरच कड वितळते. कामापुरता अंदाज म्हणजे दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर. तीन मिलिमीटरच्या चौकोनी पाइपला १२० अँपिअर पुरतात. सहा मिलिमीटरला २४० लागतील असं मात्र नाही. कडा ग्राइंडरने तिरप्या करून, एकावर एक थर देत गेलं, तर ३.२ मिलिमीटरच्या रॉडने (वितळून जोडात उतरणाऱ्या, लेप दिलेल्या धातूच्या कांडीने) १२०-१३० अँपिअरमध्ये काम होतं.

इथेच मिग मशीनचा, म्हणजे रिळावरची तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या आणि सिलिंडरमधला गॅस सोडणाऱ्या मशीनचा, एक धोका आहे, आणि नवशिक्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे असं माझं मत आहे. कमी करंटवर मिगची तार दर सेकंदाला कित्येक वेळा प्लेटला टेकते, शॉर्ट होते, तिचं टोक वितळून थेंब पडतो. खालची प्लेट पुरेशी तापलेली असो वा नसो, तार वितळतच राहते. वरून बीड (वेल्डची उमटलेली पट्टी) सुबक, एकसारखं दिसतं. मुळाशी मात्र प्लेटची कड जशीच्या तशी राहिलेली असते. असा जोड गॅरेजमध्ये हातोडीचे दोन-चार घावही सोसतो आणि दगडावरून उतरताना सुटतो.

रॉडच्या मशीनवर करंट कमी पडला, तर रॉड चिकटतो आणि आर्क विझतो. चूक तिथल्या तिथे कळते. रॉडवरच्या लेपामुळे सिलिंडरही लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी रॉडला लेप द्यायची युक्ती काढली. तो लेप जळताना वायूचं आवरण तयार होतं आणि वितळलेल्या धातूवर खपली धरते, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत शिरत नाही. मिगचा गॅस उघड्या अंगणातल्या वाऱ्याने सहज उडून जातो आणि बीडमध्ये भोकं राहतात. म्हणून चॅसीच्या जाडीचं काम डोळ्यासमोर असेल आणि पैसे एकाच मशीनपुरते असतील, तर मी डीसी इन्व्हर्टर रॉड मशीन घ्यायला सांगेन. फ्लोअरचा गंजलेला पत्रा बदलणं हेच मुख्य काम असेल, तर मिग. दोन मिलिमीटरच्या आतल्या पत्र्यावर रॉडने फार त्रास होतो.

जुनी ट्रान्सफॉर्मरची मशीन जड असतात, कारण ५० किंवा ६० हर्ट्झवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला मोठा लोखंडी गाभा लागतो. इन्व्हर्टर आधी विजेचं डीसी करतो, मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ते सेकंदाला हजारो वेळा तोडून पुन्हा एसी बनवतात. वारंवारता वाढली की तेवढ्याच शक्तीला गाभा खूप लहान पुरतो. मशीन एका हातात उचलता येतं ते त्यामुळे.

आता तो खोक्यावरचा आकडा. २०० अँपिअरवर रॉडचा आर्क २८ व्होल्टच्या आसपास चालतो, म्हणजे ५.६ किलोवॉट झाले. मशीनमधली गळती धरली तर भिंतीतून साडेसहा किलोवॉट ओढावे लागतील. २३० व्होल्टचं १६ अँपिअरचं सॉकेट ३.७ किलोवॉटच्या आसपास थांबतं. तिथे १२० अँपिअरच्या आसपासच समाधान मानावं लागतं. १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या सॉकेटवर तर रॉडसाठी जेमतेम सत्तर. त्यातच लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर जोडली तर आणखी व्होल्टेज पडतं आणि वायर तापते ती वेगळीच. स्वतंत्र, जाड लाइन नसेल तर दोनशेचं मशीन घेऊन काहीच पदरात पडत नाही.

ड्यूटी सायकल, म्हणजे दर दहा मिनिटांत मशीन किती वेळ सलग चालू शकतं, ते वाचायलाही विसरू नये. २०० अँपिअरला २० टक्के म्हणजे दहा मिनिटांत दोन मिनिटं वेल्डिंग आणि आठ मिनिटं विश्रांती. तापणं करंटच्या वर्गावर (करंट गुणिले करंट) अवलंबून असतं, म्हणून तेच मशीन ११५ अँपिअरला ६० टक्क्यांच्या आसपास चालेल. घरी आपण टॅक (तुकडे जागेवर धरणारे छोटे ठिपके) मारतो, मोजतो, घासतो, पुन्हा मोजतो. एवढं त्यात निभतं.

गॅसशिवाय चालणारी फ्लक्स-कोअर मशीन मोहात पाडतात; त्यांच्या पोकळ तारेतच रॉडच्या लेपासारखी पावडर भरलेली असते. घ्यायचं असेल तर पोलॅरिटी (तार पॉझिटिव्हला जोडायची की निगेटिव्हला) बदलता येते का ते बघा. अशी तार बहुतेक वेळा निगेटिव्हवर चालते, साधी मिगची तार पॉझिटिव्हवर. आणि ई७१टी-जीएस ही सर्रास मिळणारी तार फक्त एका थरासाठी असते. थरावर थर चढवून जाड ब्रॅकेट जोडायला ती वापरू नये. रॉडमध्ये ई६०१३ शिकायला सोपा. ई७०१८ अधिक चिवट, पण त्याला दमट हवा चालत नाही. लेपातल्या ओलाव्यातून हायड्रोजन धातूत जातो आणि थंड झाल्यावर तडा जाऊ शकतो.

लीफ स्प्रिंग, स्टिअरिंगचे भाग आणि नव्या गाड्यांच्या पिलरमधलं (छत पेलणाऱ्या खांबांमधलं) बोरॉन स्टील यांना घरच्या मशीनने हातच लावू नये. त्यांची ताकद कारखान्यातल्या तापवण्या-थंडावण्यातून आलेली असते आणि आर्क ती घालवतो. चॅसीवर प्लेट चढवताना टोकं हिऱ्यासारखी तिरपी कापा. सरळ आडवं वेल्ड रेलच्या (चॅसीच्या लांब तुळईच्या) सगळ्या ताणाला एकाच रेषेत आडवं येतं आणि थकव्याची, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडणारी, चीर तिथूनच सुरू होते. बॅटरीची वायर काढा. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या जागी कधीच मारू नका: आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

गाडीला हात लावण्याआधी सहा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या उलट्या टीच्या आकारात ठेवून एकाच बाजूने वेल्ड करा. खालची पट्टी शिकंज्यात घट्ट धरा आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूला हातोडीने आडवी पाडा, म्हणजे मुळावर ताण येतो. पट्टी वाकून पडली आणि जोड टिकला तर उत्तम. तुटला तर तुटलेला भाग उजेडात धरून बघा. खरबरीत, राखाडी, फाटल्यासारखा पृष्ठभाग म्हणजे धातू एकजीव झाला होता. मुळाशी पट्टीची मूळ कड सरळ रेषेत गुळगुळीत दिसली तर ती वितळलीच नव्हती. मग करंट पाच-दहा अँपिअरने वाढवा, आर्क आखूड ठेवा, आणि दुसरी जोडी घ्या.