ईएमडीआर: आधी पद्धत, मागून सिद्धान्त

थेरपिस्ट दोन बोटं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवते. समोरच्या खुर्चीतला माणूस मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी त्या बोटांमागे जात राहतो, आणि मनात मात्र आयुष्यातला एखादा भयंकर प्रसंग धरून ठेवलेला असतो. ईएमडीआर, म्हणजे ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग’ या उपचाराचं हे दृश्य एव्हाना अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. २०२१ मध्ये ब्रिटनच्या प्रिन्स हॅरीनं कॅमेऱ्यासमोर हा उपचार घेतला आणि त्याची चर्चा जगभर झाली. पाहणाऱ्याला शंका येते: यात उपचार किती आणि हातचलाखी किती? शंका रास्त आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी तीच शंका घेऊन तीसेक वर्षं भांडण केलं, आणि त्यातलं निम्मं भांडण अजून मिटलेलं नाही.

ही पद्धत प्रयोगशाळेतून आलेली नाही. फ्रान्सिन शपिरो यांचा जन्म १९४८ सालचा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. त्या मूळच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक. साहित्यात डॉक्टरेट करत असताना १९७९ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. उपचारानंतर त्यांनी साहित्य सोडलं, न्यूयॉर्कही सोडलं, आणि मनावरचा ताण व शरीराचं आजारपण यांचा काय संबंध असतो याच्या शोधात त्या मानसशास्त्राकडे वळल्या. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस इथल्या एका बागेत फिरताना त्यांच्या लक्षात आलं की डोक्यात घोळणारे त्रासदायक विचार आपोआप ओसरले आहेत, आणि ते ओसरत असताना आपले डोळे झरझर इकडून तिकडे फिरत होते. मग त्यांनी हे मुद्दाम करून पाहिलं, आधी स्वतःवर, मग ओळखीच्यांवर, मग रुग्णांवर.

ही कथा ईएमडीआरच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली जाते. १९९५ मध्ये जेराल्ड रोझेन या मानसशास्त्रज्ञानं तिच्यावर नेमकं बोट ठेवलं: डोळ्यांच्या अशा झटपट हालचाली माणसाला स्वतःला सहसा जाणवतच नाहीत, मग त्या शपिरोंना कशा जाणवल्या? आक्षेपात दम आहे. पण शोधाची गोष्ट कितीही सजवलेली असली, तरी त्यावरून शोध खरा की खोटा हे ठरत नाही. त्या वेळी अशा शोधाची गरज कुणाला होती, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

गरज मोठी होती. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या, थरथर कापणाऱ्या सैनिकांच्या दुखण्याला ‘शेल शॉक’ म्हणत. पुढे नावं बदलत गेली, पण अधिकृत निदान म्हणून ‘पीटीएसडी’ला, म्हणजे भयंकर आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक विकाराला, अमेरिकन मानसोपचाराच्या सूचीत जागा मिळाली ती थेट १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. निदान मिळालं, उपचार तोकडे होते. घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा, बारकाव्यांसह सांगायचा आणि भीती बोथट होईपर्यंत सांगत राहायचं, हा एक मार्ग होता. तो परिणामकारक होता, पण सोसायला जड. बलात्कार झालेल्या बाईला तेच आठ-दहा वेळा बोलायला लावणं सोपं नसतं, तिलाही आणि ऐकणाऱ्यालाही.

शपिरोंनी आपल्या पद्धतीचा सांगाडा उचलला तो जोसेफ वोल्पे यांच्याकडून. वोल्पे दक्षिण आफ्रिकेचे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून त्यांनी युद्धानं खचलेले सैनिक पाहिले होते, आणि औषधानं गुंगी आणून त्यांना बोलतं करण्याच्या तेव्हाच्या उपचारावर त्यांचं समाधान नव्हतं. भीतीदायक गोष्ट मनात आणायची आणि त्याच वेळी शरीर सैल ठेवायचं, म्हणजे भीती हळूहळू विरते, ही त्यांची ‘डिसेन्सिटायझेशन’ची कल्पना. त्रास किती होतोय ते रुग्णानंच आकड्यात सांगायचं, ही मोजपट्टीही त्यांचीच. ईएमडीआरच्या खुर्चीत आजही जो प्रश्न येतो, ‘शून्य ते दहामध्ये आत्ता किती त्रास वाटतोय?’, तो तिथून आलेला आहे.

१९८९ मध्ये शपिरोंचा पहिला शोधनिबंध आला. रुग्ण अवघे २२. त्यांत व्हिएतनामचे माजी सैनिक होते आणि लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं होती. दावा असा की एका बैठकीत आठवणीचा डंख जवळजवळ गेला आणि तीन महिन्यांनंतरही तो परतला नाही. उपचार करणाऱ्या त्याच, मोजणाऱ्याही त्याच. साहजिकच भुवया उंचावल्या. तेव्हा नाव नुसतं ‘ईएमडी’ होतं. दोनेक वर्षांत त्याला ‘रीप्रोसेसिंग’चा ‘आर’ जोडला गेला, कारण शपिरोंचं मत बनलं की इथे नुसती भीती कमी होत नाही, आठवणीचा अर्थच बदलतो. ‘चूक माझी होती’ म्हणणारी व्यक्ती आपणहून ‘मी तेव्हा लहान होते’ म्हणू लागते. मग त्यांनी सिद्धान्त मांडला: मेंदू अनुभव पचवत असतो, आघाताच्या वेळी ते पचवणं अडतं, आणि आठवण तेव्हाच्या वासा-आवाजासकट जशीच्या तशी अडकून राहते. म्हणजे आधी पद्धत सापडली, ती चालते असं दिसलं, आणि का चालते याचं स्पष्टीकरण मागून रचलं गेलं. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

वाद वाढायला आणखी एक कारण झालं. सुरुवातीच्या काळात प्रशिक्षण घेणाऱ्यांकडून, परवानगीशिवाय ही पद्धत इतरांना शिकवणार नाही, असं लिहून घेतलं जाई. चुकीच्या हातात जाऊ नये म्हणून ही खबरदारी, असं शपिरो म्हणत. विज्ञानात अशी कुलपं लावत नाहीत, असं टीकाकार म्हणत. मला टीकाकारांचं म्हणणं पटतं. १९९९ मध्ये हार्वर्डच्या रिचर्ड मॅकनॅली यांनी ईएमडीआरची तुलना थेट मेस्मरशी केली. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्वा’नं रोग बरे करणारा हाच तो मेस्मर, त्याच्या दाव्यांची तपासणी १७८४ मध्ये राजानं नेमलेल्या, बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखे सदस्य असलेल्या समितीनं केली आणि सगळा प्रभाव कल्पनेचा आहे असा निकाल दिला. मॅकनॅलींचा शेरा बोचरा होता: ईएमडीआरमध्ये जे परिणामकारक आहे ते नवं नाही, आणि जे नवं आहे ते परिणामकारक नाही.

मधल्या काळात चाचण्या होत राहिल्या. १९९५ मध्ये ८० जणांवरच्या एका अभ्यासात तीन बैठकांनी लक्षणीय फरक दिसला. २००१ मध्ये ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला: उपचार उपयोगी आहे, पण डोळ्यांच्या हालचालींनी त्यात भर पडते असं दिसत नाही. २०१३ च्या दुसऱ्या आढाव्यानं उलट कौल दिला, हालचालींचा स्वतंत्र फायदा होतो. मग तो होतो कसा? सध्या सर्वांत जास्त आधार असलेलं उत्तर बरंच साधं आहे. तिकीट खिडकीवर सुटे पैसे मोजताना शेजारी कुणी फोन नंबर सांगू लागलं, की दोन्ही नीट होत नाही. आठवण मनासमोर धरणं आणि हलत्या बोटांचा पाठलाग करणं हीदेखील एकाच तोकड्या जागेत घुसणारी दोन कामं. त्यामुळे आठवणीचं चित्र फिकं पडतं आणि फिकं होऊनच परत साठवलं जातं. झोपेतल्या डोळ्यांच्या हालचालींशी याचा संबंध जोडणारी दुसरी कल्पना आहे. २०१९ मध्ये कोरियन शास्त्रज्ञांनी उंदरांना डावी-उजवीकडे हलणारा प्रकाश दाखवून मेंदूतली भीती दाबणारी एक वाट शोधली. पण उंदराची भीती आणि माणसाचं अपराधीपण यांत अंतर बरंच आहे.

कसं चालतं यावर मतभेद असले तरी चालतं का, यावर आता फारसे नाहीत. कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००५ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी ईएमडीआरची शिफारस केली. नाइसनं २०१८ मध्ये मात्र ती युद्धाशी संबंध नसलेल्या आघातांपुरती ठेवली. ज्या सैनिकांमुळे सगळं सुरू झालं तेच वगळले गेले, हा जरा विचित्रच योग.

ही पद्धत जगभर पसरली ती मात्र संकटांच्या मागोमाग. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटानंतर मोफत मदतीसाठी स्वयंसेवी थेरपिस्टांची संघटना उभी राहिली. १९९७ च्या चक्रीवादळानंतर मेक्सिकोच्या अकापुल्कोत मुलांसोबत काम करताना ‘बटरफ्लाय हग’ निघाला: हात छातीवर फुलीसारखे ठेवून आपणच आपल्या दंडांवर आळीपाळीनं थोपटायचं. हॅरीनं कॅमेऱ्यासमोर केलं ते हेच. भारतातही या पद्धतीला वेग आला तो २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर झालेल्या प्रशिक्षणांमुळे, आणि इथल्या प्रसारात मुंबईच्या डॉ. सुषमा मेहरोत्रा यांचं नाव पुढे राहिलं. किल्लारीचा भूकंप त्याआधीचा, १९९३ चा. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या लोकांपर्यंत असं काही पोचलेलं नव्हतं.

आज कुणी ईएमडीआरसाठी गेलं, तर पहिल्या एक-दोन बैठकांत बोटं बहुधा हलणारच नाहीत. आधी तुमची माहिती घेतली जाते, मग घाबरं झाल्यावर स्वतःला सावरायचे उपाय शिकवले जातात. नंतर एक आठवण निवडायची: तिचं सर्वांत वाईट चित्र कोणतं, त्यावरून स्वतःबद्दल काय वाटतं, त्याऐवजी काय वाटावंसं वाटतं, शरीरात कुठे जाणवतं. मग साधारण अर्ध्या मिनिटाची एकेक फेरी. डोळ्यांऐवजी तळहातांवर टिचक्या किंवा कानात आळीपाळीनं आवाजही चालतात. प्रत्येक फेरीनंतर एवढंच विचारतात: ‘आता काय आलं?’ जे आलं ते दोन शब्दांत सांगायचं, पुढची फेरी. घटनेचा तपशील सांगावा लागत नाही, घरी करायचा अभ्यास नसतो. जुन्या उपचारांपेक्षा हा फरक रुग्णाला सर्वांत जास्त जाणवतो. हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरलेलं असतं. एक बैठक तास-दीड तासाची. नंतरचे दोन-तीन दिवस थकवा, विचित्र स्वप्नं, मधूनच रडू येणं हे होऊ शकतं; ते पुढच्या वेळी सांगायचं. आठवण पुसली जात नाही, तिचा चटका कमी होतो.

एकाच अपघातासारख्या प्रसंगासाठी आठ-बारा बैठका पुरू शकतात. बालपणीच्या आघातांचं गणित निराळं. २००७ मध्ये ८८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ईएमडीआर घेतलेल्यांपैकी मोठेपणी आघात झालेले ७५ टक्के लोक सहा महिन्यांनी लक्षणमुक्त होते. लहानपणी आघात झालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. उपचार आठच आठवड्यांचा होता, हे लक्षात घ्यायला हवं. त्यामुळे तीन बैठकांत बालपण मिटवून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. फिट्स, डोळ्यांचा विकार, मधूनच भान हरपणं, आत्महत्येचे विचार यांपैकी काही असेल तर पहिल्याच भेटीत सांगावं. प्रसंगाबद्दल कोर्टात खटला चालू असेल तर तेही, कारण उपचारानंतर आठवणीचं चित्र बदलू शकतं आणि साक्षीत त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. आपल्याकडच्या कोर्टाच्या तारखा पाहता खटला वर्षानुवर्षं लांबतो, तेव्हा वकिलाशी बोलूनच सुरुवात करावी. थेरपिस्टकडे ईएमडीआरच्या प्रशिक्षणाआधीची मूळ पात्रता कोणती, हेही निःसंकोच विचारावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, मानसोपचारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय परिषदेचा.